ब्राउनींचा दिवस आणि मोठ्यांचे हात

डब्याच्या गाठोड्याची गाठ तिसऱ्यांदा सुटली, तेव्हा तिची आई माझ्या शेजारीच उभी होती. कासाई रिंकाई बागेतलं गवत, नोव्हेंबरचं कोवळं ऊन, आणि जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून फडक्याची टोकं पुन्हा पुन्हा जुळवणारी दुसरीतली मुलगी. आईचे हात पुढे गेले. मी तिचं मनगट हलकेच धरलं आणि म्हटलं, "अगं, थांब जरा." पाचव्या खेपेला गाठ बसली. मुलीने आमच्याकडे पाहिलंही नाही. गाठोडं उचलून ती मैत्रिणींकडे पळाली.

टोकियोच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मराठी घरांतून मला हल्ली एकच विचारणा वारंवार होते. मुलगी गर्ल स्काऊटच्या ब्राउनी गटात जाते, या वेळचा खेळदिवस आम्हा पालकांच्या मदतीने व्हायचाय, तर काय काय करायचं? कधी आपल्या मराठी मंडळातली एखादी मैत्रीण विचारते, की आपल्या मुलींसाठीही तसाच दिवस ठेवला तर? दोघींनाही मी आधी एकच गोष्ट सांगते. तयारी भरपूर करा, पण ती अशासाठी करा, की त्या दिवशी तुम्हाला हात मागे बांधून उभं राहता येईल. सहा ते नऊ वर्षांच्या मुलीला मजा येते ती स्वतःच्या हाताने काहीतरी जमलं की. आपण पुढे केलेला हात ती मजा काढून घेतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती सांगते आहे.

ज्यांना ही संस्था नवी आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. जपानमध्ये मुलींच्या गायडिंगची सुरुवात १९२० साली टोकियोतल्या कोरान जोगाक्को या मुलींच्या मिशनरी शाळेत झाली. म्युरिएल ग्रीनस्ट्रीट या इंग्रज शिक्षिकेने तिथे पहिलं पथक उभं केलं. १९२३ मध्ये त्याची देशव्यापी संघटना झाली, युद्धकाळात ती बंद पडली, आणि युद्धानंतर गर्ल स्काऊट या नावाने काम पुन्हा उभं राहिलं. आज शाळेत जाण्याआधीच्या वर्षातल्या मुली टेंडरफूट असतात, पहिली ते तिसरीच्या ब्राउनी, चौथी ते सहावीच्या ज्युनिअर. पुढे माध्यमिक शाळेत सीनिअर आणि त्यानंतर रेंजर. स्थानिक पथकाला 'दान' म्हणतात, बैठकीला 'शूकाई', आणि पथक चालवणाऱ्या ताईंना सरळ 'रीडा', म्हणजे लीडर. आपल्यापैकी ज्या महाराष्ट्रातल्या शाळांतून बुलबुल किंवा गाईड होत्या, त्यांना यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल. तीन बोटांची खूण, डाव्या हाताचं हस्तांदोलन, गोल करून बसणं, सगळं तेच. गर्ल गाईडच्या जागतिक केंद्रांपैकी 'संगम' हे केंद्र आपल्या पुण्यात, आळंदी रस्त्यावर, १९६६ पासून आहे. जपानी लीडरशी पहिली ओळख करून घेताना हे नक्की सांगा. "तुम्ही पुण्याच्या?" असं म्हणत त्यांचे डोळे मोठे झालेले मी पाहिले आहेत.

ब्राउनी या नावामागची गोष्टही मुलींना सांगण्यासारखी आहे. १९१४ साली इंग्लंडमध्ये छोट्या मुलींचा गट सुरू झाला, तेव्हा त्याचं नाव 'रोझबड्स', म्हणजे गुलाबकळ्या असं होतं. मुलींना ते आवडलं नाही. मग ज्युलिआना होरेशिया यूइंग यांच्या एका गोष्टीवरून 'ब्राउनी' हे नाव घेतलं गेलं. घरातलं काम कोणाला न कळू देता करून जाणारी ती चिमुकली माणसं. नाव मुलींना पटलं नाही म्हणून मोठ्यांनी बदललं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुमच्या दिवसाचं नावही मुलींनाच ठेवू द्या.

एक खबरदारी इथेच सांगते. दिवस दानचा असेल तर लीडरच्या संमतीशिवाय काही ठरवू नका. दिवस आपल्या मंडळाचा असेल तर गर्ल स्काऊटचं नाव, गणवेश, बिल्ला वापरू नका. ते सभासदांचे असतात. खेळ आणि पद्धत मात्र कोणीही घ्यावी.

तारीख

जपानमध्ये तारीख हेच अर्धं काम. एप्रिलमध्ये शाळेकडून वर्षभराच्या कार्यक्रमांचा कागद येतो, तो आधी पुढ्यात घ्या. उंदोकाई, म्हणजे शाळेचा क्रीडामेळा, पुष्कळदा शनिवारी असतो आणि पावसाने पुढच्या दिवशी ढकलला जातो. तेव्हा त्याला लागूनचा दिवस नकोच. एप्रिलअखेर ते ५ मे या गोल्डन वीकमध्ये निम्मी घरं गावाला असतात. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत त्सुयू, म्हणजे पावसाचे दिवस. त्यानंतर उकाडा. उरतो तो मेचा उत्तरार्ध, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोव्हेंबरमध्येही १५ तारखेच्या आसपासचे रविवार टाळा. शिचि-गो-सान या सणाला तीन आणि सात वर्षांच्या मुलींना किमोनो घालून देवळात नेतात, आणि सात वर्षांच्या मुली म्हणजे नेमक्या आपल्या ब्राउनी. पहिल्या वर्षी आम्ही हे विसरलो. सतरापैकी नऊच मुली आल्या.

आणखी एक सुंदर दिवस म्हणजे २२ फेब्रुवारी. रॉबर्ट आणि ओलेव्ह बेडन-पॉवेल या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येतो, म्हणून १९२६ पासून जगभरच्या गाईड मुली तो 'थिंकिंग डे' म्हणून पाळतात. जपानमध्ये दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, सम्राटांच्या वाढदिवसाची सुटी असते. शिवाय २२ फेब्रुवारी हा इथला मांजरांचा दिवस. दोनला 'नी' म्हणतात, आणि २-२-२ चं इथल्या कानांना 'न्यान न्यान न्यान' ऐकू येतं, म्हणजे मांजराचं म्यांव. ब्राउनींना याहून चांगली सबब कोणती हवी? थंडी असते, तेव्हा हा दिवस सभागृहात घ्या आणि अर्धा तास आजीला पत्र लिहायला ठेवा. टपालाची पोस्टकार्डं, रंगीत खडू, आणि प्रत्येकीच्या घरून आणलेला गावाकडचा पत्ता. मराठीत दोन ओळी लिहायला कंटाळणारी मुलगी मांजराचं चित्र काढायच्या निमित्ताने चार ओळी लिहून जाते.

जागा

निशी-कासाईला राहणाऱ्यांसाठी कासाई रिंकाई बाग ही जवळची आणि मोठी जागा. पलीकडे पूल ओलांडला की समुद्राची पश्चिम पुळण, निशी-नागिसा, लागते. पूर्वेकडची पुळण पक्ष्यांसाठी राखलेली आहे, तिथे माणसांना जाता येत नाही. हा सगळा किनारा २०१८ साली रामसर यादीत आला. टोकियोतली ती पहिली रामसर जागा. हिवाळ्यात सुझुगामो जातीची बदकं इथे हजारोंनी उतरतात. दुर्बीण असेल तर घ्या, नसेल तर पाण्यावरचे काळे ठिपके मोजायला सांगा. अंदाजे मोजणं हाही खेळच आहे.

कुठलीही बाग निवडली तरी आधी एकदा स्वतः चालून या. स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, सावली दुपारी कुठे सरकते, पाण्याचा नळ कुठे, गवत संपून सायकलचा रस्ता कुठे लागतो, हे पाहा. मोठ्या गटाने जागा वापरायची असेल तर बागेच्या कार्यालयाला आधी फोन करा. बहुतेक बागांत ठरवून दिलेल्या जागेबाहेर विस्तव पेटवायला बंदी असते, तेव्हा शेकोटीचा विचार मनातून काढा. कचऱ्याच्या टोपल्या पुष्कळ ठिकाणी नसतात. आपला कचरा आपण घरी न्यायचा, याला 'मोचिकाएरी' म्हणतात आणि पहिलीतल्या मुलीलाही तो शब्द ठाऊक असतो. पिशव्या विसराल तर मुलीच तुम्हाला विचारतील.

पावसासाठी वॉर्डाच्या सामुदायिक सभागृहातली खोली त्याच दिवसासाठी राखून ठेवा. निमंत्रणातच स्पष्ट लिहा, की पाऊस आला तर दिवस रद्द, पुढे ढकलला, की खोलीत होणार. जपानी पालक हे वाचतातच आणि त्यावर त्यांचा पुढचा आठवडा ठरतो. निर्णय सकाळी सहाला, एकाच व्यक्तीने, लाइन अॅपच्या गटात एकाच संदेशात कळवायचा. आदल्या दिवशी मुलींना तेरूतेरू-बोझू करायला सांगा, म्हणजे पांढऱ्या कापडाची किंवा टिश्यूची पाऊस थांबवणारी बाहुली. ती खिडकीत टांगलेल्या मुलीसाठी दिवस आदल्या संध्याकाळपासूनच सुरू होतो.

खेळ

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पहिल्या वर्षी मी एक चूक केली, ती सांगते. आम्ही आयांनी रात्री जागून चाळीस कागदी फुलं कापली, पाकळ्या वेगळ्या, देठ वेगळे. मुलींनी फक्त चिकटवायचं. दहा मिनिटांत सगळं संपलं आणि सगळ्यांची फुलं एकसारखी निघाली. कापायची गंमत आम्हीच रात्री संपवून टाकली होती. तेव्हापासून माझा नियम असा, की ज्या कामात मुलीला कापावं, बांधावं, चढावं, विचारावं किंवा ठरवावं लागत नाही, ते काम त्या दिवशी नको.

सुरुवात ओळखीच्या खेळाने करा, कारण मराठी आणि जपानी मुली एकत्र असतील तर पहिली वीस मिनिटं अवघडलेली असतात. यासाठी देवानेच दिल्यासारखा खेळ आहे. आपलं 'मामाचं पत्र हरवलं' आणि इथलं 'हांकाची-ओतोशी'. गोल बसायचं, एकीने बाहेरून धावत हळूच कुणाच्या पाठीमागे रुमाल टाकायचा, बाकीचं सगळं तेच. ज्या मुलीवर राज्य असतं तिला जपानीत 'ओनी', म्हणजे राक्षस म्हणतात. आपल्याकडे राज्य येतं आणि इथे राक्षस येतो, हे मुलींनी एकमेकींना समजावून सांगायचं. तुम्ही दुभाषी होऊ नका. त्या हातवारे करतील, चुकतील, हसतील. वीस मिनिटं अशीच जातात.

त्यानंतर 'दारुमासान गा कोरोंदा'. एक मुलगी झाडाकडे तोंड करून हे वाक्य म्हणते, बाकीच्या पुढे सरकतात, ती वळली की सगळ्यांनी दगडासारखं थिजायचं. या वाक्यात मोजून दहा अक्षरं आहेत, त्यामुळे एक ते दहा भराभर मोजण्याऐवजी ते म्हणतात. आमच्या मुलींना मी काम दिलं, की दहा अक्षरांचं मराठी वाक्य शोधा. बोटांवर मोजत, भांडत, त्यांनी 'मांजर दूध पिऊन गेली' हे ठरवलं. आता जपानी मुलीही तेच म्हणतात. त्यांना ळ आणि ण शिकवायला मला दोन महिने लागले असते. 'पिऊन' मात्र एका दुपारी बसलं.

बसून खेळायचा उत्तम खेळ म्हणजे किम्स गेम. रडयार्ड किपलिंगच्या १९०१ सालच्या 'किम' या भारतात घडणाऱ्या कादंबरीतून बेडन-पॉवेल यांनी तो स्काऊटमध्ये आणला. ताटात दहा-बारा वस्तू, वर फडकं. एक मिनिट पाहायचं, झाकायचं, आठवून सांगायचं. वस्तू दोन्ही घरांच्या ठेवा. हळकुंड, सुपारी, बांगडी, वेलदोडा, आणि त्यांच्यासोबत काचेच्या चपट्या ओहाजिकी, दाण्यांनी भरलेली ओतेदामाची पिशवी, हाशी म्हणजे जेवायच्या काड्या, स्टेशनवरचं सुइका कार्ड. हळकुंडाला जपानीत काय म्हणायचं हे मराठी मुलीला माहीत नसतं, मग ती म्हणते, "आजी जखमेवर लावते ते पिवळं." इतकं पुरतं. दुसरी फेरी वासाची घ्या, डोळे बांधून. दालचिनी, युझूची साल, चहाची पत्ती, कापूर. हिंग शेवटी ठेवा, कारण तो एकदा उघडला की पुढे कशाचाच वास लागत नाही.

आता गाठ. गाईडच्या शिक्षणात रीफ नॉट पहिली शिकवतात, आणि जपानी फुरोशिकीची मूळ गाठ, मा-मुसुबी, हीच आहे. म्हणजे दोरीचे तुकडे हातात देऊन कोरडा धडा घ्यायचं कारणच नाही. जेवणाचा डबा फडक्यात बांधा, गाठ आपोआप कामाची होते. आपल्या आज्या शिदोरीचं गाठोडं असंच बांधत. डब्यासाठी साधारण ५० सेंटीमीटरचं चौकोनी फडकं लागतं. साडेपाच मीटरच्या एका जुन्या सुती साडीतून असे वीस रुमाल आरामात निघतात. नवं काही विकत आणू नका. उजवं टोक डाव्यावरून घेऊन एक वेढा, मग डावं उजव्यावरून घेऊन दुसरा. टोकं आडवी पसरली तर गाठ बरोबर. ती उभी राहिली तर एक वेढा उलटा पडला. एवढं सांगून गप्प बसायचं. जमली, की एक जादू दाखवा. गाठीचं एक टोक उलट्या दिशेला सरळ खेचून धरलं, की दुसरं टोक त्यावर फास होऊन राहतं आणि कितीही घट्ट गाठ सर्रकन निघते. मुली ही जादू पुढचे दोन तास करत राहतात, आणि तेवढ्या वेळा गाठ पुन्हा बांधतात. रविवारी बांधलेली गाठ बुधवारच्या शाळेच्या डब्यावर दिसली, असं एका आईने मला सांगितलं होतं.

शेवटचा मोठा खेळ वर्तमानपत्राच्या चपलांचा. हा जपानचाच. भूकंपानंतर जमिनीवर फुटलेल्या काचा असतात आणि चपला सापडत नाहीत, म्हणून इथल्या मुलांना हे शिकवतात. दुहेरी पानाची वरची कडा चार बोटं खाली दुमडायची, कागद उलटा करायचा, दोन्ही बाजू मधे आणून एकीची कडा दुसरीच्या दुमडीत खोचायची. जी चपटी पिशवी होते तिचे पुढचे कोपरे आत मुडपले की चप्पल झाली. आदल्या रात्री घरी एकदा करून पाहा. आपल्या घरांत वर्तमानपत्र येत नसेल तर शेजारच्या आजोबांकडे मागा. ते आनंदाने गठ्ठा देतात, आणि ओळख होते ती वेगळीच. चपला झाल्या की चादरीवर दोंगुरी, म्हणजे ओकची फळं, पसरा आणि त्यावरून चालायला लावा. पायाला टोचत नाही हे कळल्यावर जो चेहरा होतो, तो पाहायला मी दरवर्षी पहिल्या ओळीत उभी असते. १ सप्टेंबरला इथे १९२३ च्या कांतो भूकंपाच्या स्मरणाचा आपत्ती-निवारण दिन असतो. भीती दाखवून शिकवलेलं मुली विसरतात. दोंगुरीवरून चाललेलं विसरत नाहीत.

आणि एक तास मोकळा सोडा. खरंच मोकळा. वेळापत्रकात लिहा, 'मुली ठरवतील.' एका वर्षी या तासात आमच्या मुलींनी फक्त दोंगुरी गोळा केल्या, आकाराप्रमाणे रांगा लावल्या आणि त्यांचं दुकान मांडलं. पैसे म्हणून पानं. मला सारखं वाटत होतं, की पुढचा खेळ सुरू करावा. शेजारची लीडर, साठीच्या घरातली, हळूच म्हणाली, "माझ्या ब्राउनींनी चाळीस वर्षांपूर्वी हेच दुकान मांडलं होतं." मी माझं वेळापत्रक पिशवीत ठेवलं.

डबा

डबा प्रत्येकीने घरून आणावा, पाण्याची बाटली आणि बसायची चटई, म्हणजे लेजर शीटसुद्धा. पण आपली एक सवय इथे आवरावी लागते. आपल्या मुली डबा उघडला की घास वाटतात. जपानी शाळांत अॅलर्जीची काळजी फार कडक असते, आणि शेंगदाण्याचं कूट आपल्या भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत दिसतही नाही. इथल्या पाकीटबंद पदार्थांवर अंडं, दूध, गहू, सोबा, शेंगदाणा, अक्रोड, कोळंबी आणि खेकडा यांचा उल्लेख कायद्याने सक्तीचा आहे. सोबा म्हणजे आपल्या उत्तरेकडच्या मैत्रिणी उपासाला वापरतात ते कुट्टूचं पीठ. घरच्या डब्यावर असा कागद नसतो, म्हणून वाटावाटी नको. वाटायचं असेल तर एकच गोष्ट सगळ्यांसाठी आणा, आधी प्रत्येक घरी विचारून. हिवाळ्यात मिकान संत्री उत्तम. सोलायला सोपी, आणि साल एका तुकड्यात कोण काढतं याचीही शर्यत लागते.

शाकाहारी घरांसाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दुकानातल्या ओनिगिरीत भाजीचं सारण असलं तरी माशाच्या काट्सुओचा अर्क असू शकतो, तेव्हा मागचा मजकूर वाचा. मार्शमेलो आणि गमीमध्ये बहुधा जिलेटिन असतं. कांतेनची जेली मात्र समुद्री शेवाळाची, ती चालते. धाकटी भावंडं सोबत येणार असतील तर फुटाणे, दाणे, चिक्की आणू नका. कडक दाणे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना देऊ नयेत, अशी इथल्या ग्राहक व्यवहार विभागाची सूचना आहे.

सुरक्षितता

सहा मुलींमागे दोन मोठी माणसं, आणि त्याशिवाय एक जण कुठल्याच गटात नसलेली, जिच्याकडे प्रथमोपचाराची पेटी, पालकांचे फोन आणि यादी असेल. मुली स्वच्छतागृहात जोडीने जातील आणि सोबत दोन मोठ्या बायका दारापर्यंत जातील. दर तासाला डोकी मोजा. आम्ही मुलींना क्रमांक देतो आणि त्या स्वतःच आळीपाळीने मराठीत आणि जपानीत मोजतात. मोजणी त्यांच्याकडे दिल्यापासून कोणी मागे राहिलेलं नाही.

उन्हाचं गांभीर्य इथे आपल्याकडून थोडं कमी लेखलं जातं, कारण आपण नागपूर, सोलापूरच्या उन्हातले. जपानचा उन्हाळा दमट असतो, घाम सुकत नाही. पर्यावरण मंत्रालय एप्रिल ते ऑक्टोबर रोज डब्ल्यूबीजीटी नावाचा उष्णतेचा आकडा जाहीर करतं. तो ३१ च्या वर असेल तर पळापळीचे खेळ बंद. २८ च्या वर असेल तर सावली, बसून खेळ, दर वीस मिनिटांनी पाणी. ३३ चा अंदाज असला की सरकारी इशारा निघतो. त्या दिवशी कार्यक्रम खोलीत न्या. मुलींनी रुसायचं तर रुसू दे.

११९ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि ११० पोलिसांचा. मूल आजारी वाटतंय पण रुग्णवाहिका बोलवावी का, असा पेच पडला तर रात्री आणि सुटीच्या दिवशी #८००० वर बालरुग्णांसाठी सल्ला मिळतो. बागेचा पत्ता जपानीत लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. घाईत तो आठवत नाही, मलाही आठवला नव्हता. औषध स्वतःहून कुणाच्या मुलीला देऊ नका, साधं तापाचंही. दिवस दानचा असेल तर विम्याचं लीडरला विचारा. आपला असेल तर एका दिवसाचा रिक्रिएशन विमा किंवा गटासाठीचा स्पोर्ट्स सेफ्टी विमा आधीच काढून ठेवा. छायाचित्रांची परवानगी कागदावर घ्या. नकार आला तर कारण विचारू नका, त्या मुलीच्या टोपीला छोटी फीत लावा, म्हणजे फोटो काढणाऱ्याला कळेल.

पैशाचं थोडक्यात. शंभर येनच्या दुकानातून दोरी, टोपल्या, खडू आणि एक निळी मोठी शीट घेतली की बाकी घरातलं पुरतं. वर्गणी सगळ्यांची सारखी आणि हिशेब त्याच संध्याकाळी गटात टाकायचा.

दिवसानंतर

कसा झाला हे पालकांना विचारू नका, मुलींना विचारा. तिसऱ्या दिवशी एक कागद द्या, त्यावर एकच चौकट. 'तुला सगळ्यात जास्त काय आवडलं, त्याचं चित्र काढ.' मला खात्री होती, की वर्तमानपत्राच्या चपला किंवा निशी-नागिसाची बदकं येतील. आली, थोडी. पण सात मुलींनी निळी शीट काढली होती. शेवटी निघताना वाऱ्याने ती हातातून सुटली. आम्ही बायका धावणार तोच मुलींनीच तिला घेरलं, बारा जणींनी बारा ठिकाणी कडा धरल्या, "इचि-नी-सान" म्हणत वर उडवली, खाली आणली, पुन्हा उडवली, आणि कशीबशी वाकडी घडी केली. आम्ही त्याला आवराआवर समजत होतो.

आता आमच्या वेळापत्रकात शेवटची वीस मिनिटं 'शीटची घडी' अशी लिहिलेली असतात, आणि त्या वेळी मोठ्यांपैकी कोणीही त्या निळ्या कडेला हात लावत नाही.